फळ्यापासून परिसंवादापर्यंत

तासाच्या शेवटी ‘काही शंका?’ असे विचारण्याचा प्रघात आपल्या महाविद्यालयांतून अद्याप टिकून आहे. त्यावर कोणीही शंका विचारू नये, हाही प्रघातच. ज्यांच्या उत्तरपत्रिका वाचताना अध्यापकाला समाधान वाटते अशी बुद्धिमान मुलेसुद्धा उभे राहून दहा मिनिटे एखादा मुद्दा सलग मांडू शकत नाहीत, हा अनुभव माझा एकट्याचा नाही. यावर अलीकडे उपाय म्हणून संभाषणकौशल्याचे वर्ग निघाले आहेत. उभे कसे राहावे, हात कोठे ठेवावेत, इंग्रजी शब्दांचा उच्चार कसा करावा, पडद्यावर चित्रे कशी दाखवावीत, हे तेथे शिकवितात. हे सारेच निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु बोलणे म्हणजे जिभेची आणि देहाची कसरत आहे, ही जी समजूत त्यामागे आहे ती मला मान्य होत नाही. माणूस बोलू लागतो तो त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही असते म्हणून, आणि ते ऐकून घेऊन उलट प्रश्न करणारे कोणी समोर असते म्हणून. या दोहोंपैकी एकाची जरी वाण पडली तरी बाकीची सजावट व्यर्थ ठरते.

हे सांगण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे वळावेसे वाटते. घटनेचे शिल्पकार, दलितांचे नेते, धर्मांतराचे प्रवर्तक म्हणून त्यांचे चरित्र आपल्याकडे पुष्कळ वाचले जाते. विद्यार्थी म्हणून फारसे वाचले जात नाही. वाचले तरी अठरा-अठरा तासांचा अभ्यास आणि पदव्यांची लांबलचक यादी एवढ्यावरच आपण थांबतो. हा विद्यार्थी बोलायला कोठे आणि कसा शिकला, हा प्रश्न त्यात हरवून जातो. वास्तविक त्यांच्या बाबतीत हा प्रश्न इतर कोणापेक्षाही अधिक महत्त्वाचा आहे. कारण त्यांचे बालपण ज्या शाळांतून गेले तेथे त्यांनी तोंड उघडावे अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमरावांचे नाव दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत ते बसत ते इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर. संध्याकाळी ते गोणपाट परत घरी न्यावयाचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात आल्यावर परिस्थिती पालटेल असे वाटावे. ती सरकारी शाळा, शहर मोठे, काळही थोडा पुढे सरकलेला. तेथे एकदा शिक्षकांनी त्यांना एक उदाहरण सोडविण्यासाठी फळ्यापाशी बोलाविले. वर्गातल्या मुलांचे फराळाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. हा मुलगा फळ्याजवळ जातो म्हटल्याबरोबर वर्गात एकच गलबला झाला आणि मुलांनी धावत जाऊन आपापले डबे बाजूला काढले. मग तो फळ्यापाशी गेला आणि त्याने उदाहरण सोडविले.

चार लोकांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडणे, यालाच आज आपण सादरीकरण म्हणतो. त्या अर्थाने पाहिले तर भीमरावांच्या आयुष्यातील पहिल्या सादरीकरणांपैकी हे एक म्हणावे लागेल. उत्तर बरोबर होते की नाही, याची समोरच्या श्रोत्यांना फिकीर नव्हती. त्यांना फिकीर होती ती डब्यांची.

घरी मात्र भाषेची बैठक पक्की होत होती. रामजींनी मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घटवून घेतल्या. कोणता शब्द कोठे चपखल बसतो याची जी नजर पुढे आंबेडकरांच्या इंग्रजीत दिसते, तिचे मूळ या जुन्या, आज आपण हसण्यावारी नेतो अशा घोकंपट्टीत आहे. घोकणे आणि बोलणे यांत विरोध आहे असे मानण्याची जी पद्धत पडली आहे ती मला तितकीशी बरोबर वाटत नाही. शब्द आधी घरात असावे लागतात. बाहेर काढण्याचा प्रश्न नंतरचा. संस्कृत शिकण्याची त्यांना फार इच्छा होती, पण ते दार बंद होते. म्हणून दुसरी भाषा फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यानिमित्त सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली आणि तीत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांचे साहाय्य मिळू लागले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले.

कॉलेजातल्या या काळाविषयी चरित्रकारांना फारसे सांगता आलेले नाही. प्रा. म्युलर त्यांना पुस्तके देत, कपडेही देत, एवढे आपणांस ठाऊक आहे. वक्तृत्वाचे एखादे पारितोषिक, एखाद्या वादसभेतील गाजलेले भाषण, असे काही या वर्षांच्या वृत्तांतात आढळत नाही. यात त्यांचा दोष तर नव्हताच, पण एका अर्थाने कॉलेजचाही नव्हता. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे त्या वेळी मुख्यतः परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांचे अध्यापन त्याने स्वतः हाती घेतले ते १९१९ मध्ये. प्राध्यापकाने सांगावे, विद्यार्थ्याने उतरून घ्यावे आणि वर्षाअखेर कागदावर परत करावे, हा व्यवहार. त्यात विद्यार्थ्याचा आवाज कोठेच लागत नाही. (हा व्यवहार शंभर वर्षांत किती पालटला, हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे.)

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचा मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात बडोदे संस्थानाशी करारनामा झाला: अमेरिकेत शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलैमध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वसतिगृहात जेवणाच्या मेजावर, ग्रंथालयात, वर्गात, कोठेही कोणी डबे हलविले नाहीत. सामाजिक समता म्हणजे काय याचा त्यांना पुस्तकाबाहेर आलेला हा पहिला दीर्घ अनुभव होय.

कोलंबियात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची संख्या अभ्यासकांनी विद्यापीठाच्या दप्तरातून काढली आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन. या आकड्यांनी छाती दडपते खरी. पण मला महत्त्व वाटते ते त्यातील विषयांच्या सरमिसळीचे. अर्थशास्त्राचा हा विद्यार्थी मानवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसत होता आणि तत्त्वज्ञांचीही व्याख्याने ऐकत होता. एकाच विषयाची परिभाषा बोलणाऱ्या माणसाला दुसऱ्या विषयाच्या माणसासमोर बोलण्याची वेळ आली की आपली गृहीतके उघडी करून सांगावी लागतात. आमच्या विषयातील मंडळींना हे जड जाते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

त्यांचे अध्यापकही पाहण्यासारखे होते. सार्वजनिक वित्तव्यवहाराचे मोठे पंडित एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, समाजशास्त्रज्ञ गिडिंग्ज, इतिहासकार शॉटवेल व रॉबिन्सन. सेलिग्मन यांचे शिक्षण काही काळ जर्मनीत झाले होते आणि जर्मन विद्यापीठांतील परिसंवादाची म्हणजे सेमिनारची पद्धत त्या पिढीच्या अध्यापकांनी अमेरिकेत रुजविली होती. या पद्धतीत प्राध्यापक व्यासपीठावर नसतो. मेजाच्या एका बाजूला बसलेला असतो. एक विद्यार्थी काही आठवडे एखाद्या प्रश्नावर मूळ साधने वाचतो, निबंध लिहितो आणि तो इतरांसमोर वाचतो. मग इतर विद्यार्थी त्यावर तुटून पडतात. निबंधकाराला आपल्या विधानाचे समर्थन करावे लागते, नाहीतर ते मागे घ्यावे लागते. यात सुंदर आवाजाचे काम नाही. आपल्या विधानाचा कच्चा दुवा आपल्यालाच आधी ठाऊक असला पाहिजे, ही यातली खरी शिकवण.

ड्यूईंच्या तत्त्वज्ञानाचा गाभाही हाच होता. माणसे शेजारी-शेजारी राहतात म्हणून त्यांचा समाज बनत नाही. परस्परांच्या अनुभवात वाटेकरी होता आले तरच समाज बनतो, असे ते प्रतिपादन करीत. साताऱ्याच्या वर्गात गोणपाटावर बसलेल्या मुलाला हे सूत्र ऐकताना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. १९१४ नंतर लाला लजपतराय अमेरिकेत होते आणि तेथील हिंदी विद्यार्थ्यांना राजकीय चळवळीत ओढू पाहत होते. आंबेडकरांनाही त्यांनी विचारले. आंबेडकरांनी नम्रपणे नकार दिला. सध्या अभ्यास हेच आपले काम, असे त्यांचे म्हणणे होते. व्यासपीठ समोर चालून आले असता ग्रंथालयाकडे जाणारा हा तरुण पुढे देशातील एक प्रभावी वक्ता झाला, ही गोष्ट वक्तृत्व शिकू इच्छिणाऱ्यांनी विचारात घेण्याजोगी आहे.

१९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था यांवर प्रबंध लिहून ते एम. ए. झाले. त्यानंतर आला ९ मे १९१६ हा दिवस. मानवशास्त्राचे अध्यापक डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेची यंत्रणा, उत्पत्ती व विकास या विषयावर निबंध वाचला. वय पंचवीस. तो निबंध पुढल्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला म्हणून आज आपणांस वाचता येतो. उत्तम मांडणी कशी असते हे ज्या विद्यार्थ्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने तो एकदा जरूर वाचावा. पंधरा-वीस पानांचाच तर आहे.

समोरचे श्रोते परकीय. जात ही वस्तू त्यांनी पाहिलेली नाही. तेव्हा निबंधकार सुरुवातीलाच त्यांच्या परिचयाच्या गोष्टीचा आधार घेतो. प्रदर्शनात मांडलेल्या वस्तू सर्वांनीच पाहिल्या आहेत. मानवी संस्थांचेही प्रदर्शन मांडता येते, ही कल्पना थोडी चमत्कारिक वाटली तरी रानटी नव्हे, अशा अर्थाचे बोलून तो श्रोत्यांना विषयात घेऊन येतो. नंतर पूर्वसूरींची मते. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर, म्हणजे पुढे ज्ञानकोशकार म्हणून विख्यात झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्यांनी अमेरिकेतच कॉर्नेल येथे जातिसंस्थेवर प्रबंध लिहिला होता. या चौघांच्या व्याख्या घेऊन प्रत्येकीत काय राहून गेले आहे आणि प्रत्येकीने काय बरोबर पकडले आहे हे आंबेडकर दाखवितात. केतकरांविषयी त्यांना आदर आहे. परंतु जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेर लग्नाची बंदी ही दोन लक्षणे केतकर वेगळी मानतात, ती वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे ते स्पष्टपणे सांगतात. विरोधी मताला आधी पुरता न्याय द्यावयाचा आणि मग त्याच्यापुढे एक पाऊल टाकावयाचे, ही वकिली हुशारी नव्हे; ही अभ्यासकाची शिस्त आहे.

त्यानंतर स्वतःचा सिद्धांत. जातीचे सार स्वजातिविवाहात आहे. एखाद्या गटाला आपली दारे लावून घ्यावयाची असतील तर त्या गटात विवाहयोग्य स्त्रिया व पुरुष यांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पण मृत्यू काही जोडीने येत नाही. पती आधी वारला तर एक स्त्री अधिक होते, पत्नी आधी वारली तर एक पुरुष. हे आधिक्य गटाबाहेर गेले तर बंदी मोडते. गटातच दुसऱ्याचा वाटा घेऊ लागले तर तोल बिघडतो. म्हणून विधवेला चितेवर चढवावयाचे किंवा जन्मभर वैधव्यात ठेवावयाचे, आणि विधुरासाठी अद्याप विवाहयोग्य न झालेली मुलगी आणावयाची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी अशा रीतीने एकाच यंत्राच्या तीन दांड्या ठरतात. धर्मग्रंथांनी त्यांचे गौरवगान केले ते मागाहून. निबंध मानवशास्त्राचा आहे, पण आधिक्य आणि तोल यांची ही भाषा अर्थशास्त्राच्या वर्गातून आलेली आहे, हे आमच्या विषयाच्या माणसाला पहिल्या वाचनातच जाणवते. पुढे ते सांगतात की मनूने किंवा अन्य कोणा स्मृतिकाराने जात निर्माण केली हे खरे नव्हे. एका वर्गाने प्रथम स्वतःला कोंडून घेतले, आणि इतरांपैकी काहींनी अनुकरणाने तसे केले तर काहींवर ते लादले गेले.

ज्या माणसाला या संस्थेने पाण्यापासून आणि फळ्यापासून दूर ठेवले, तो येथे तिचे वर्णन करताना एकदाही स्वतःची कहाणी सांगत नाही. ती सांगितली असती तर श्रोते हळहळले असते. कदाचित निबंधाची वाहवाही झाली असती. त्याने तसे केले नाही. माझ्या मते हा संयम त्या निबंधाचे सर्वांत मोठे बळ आहे. आणि समारोपात तर तो सांगतो की आपला सिद्धांत अंतिम नाही, विचाराची योग्य दिशा दाखविणे एवढाच हेतू आहे, आणि तो टिकणारा नाही असे कोणी दाखवून दिले तर सोडून देण्याची आपली तयारी आहे. फळ्यामागचे डबे उचलणाऱ्या वर्गासमोर असे वाक्य उच्चारता येत नाही. चूक झाली तर ती चूकच मानली जाईल, जन्माचा पुरावा मानली जाणार नाही, असा विश्वास ज्या सभेविषयी वाटतो, तेथेच माणूस आपले मत बदलण्याची तयारी दाखवू शकतो.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा राहावयास घर मिळेना; पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. कोलंबियाचा विद्वान शहराच्या बागेत झाडाखाली बसून रडला. सेलिग्मन आणि ड्यूई यांच्या मेजापासून या झाडापर्यंतचे अंतर किती होते ते मैलांत मोजता येणार नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा साडेचारशे रुपये. प्रारंभी विद्यार्थ्यांनी त्यांना गंभीरपणे घेतले नाही. या प्राध्यापकाला काय येणार, अशी त्यांची समजूत होती. काही आठवड्यांत चित्र पालटले. तयारी कसून केलेली, मांडणी रेखीव. इतर कॉलेजांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीत, त्यांनी सर्वांसाठी ठेवलेल्या भांड्यातून पाणी घेऊ नये, अशी हरकत सहकाऱ्यांपैकी कोणी घेतली. वर्गात जिंकलेली लढाई शेजारच्या खोलीत पुन्हा पहिल्यापासून लढावी लागत होती.

या दोन वर्षांतच त्यांचे बोलणे विद्यापीठाच्या कक्षेबाहेर पडले. २७ जानेवारी १९१९ रोजी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्यांच्या लेखी निवेदनात ड्यूईंची छाया स्पष्ट आहे: ज्या समाजात गटागटांमध्ये अनुभवांची मोकळी देवघेव नाही, तेथे एका गटाचा प्रतिनिधी दुसऱ्याच्या मनातले बोलू शकणार नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पत्राच्या नावाकडे पाहावे. स्वतःला वाचा फुटल्यावर या माणसाने पहिले पत्र काढले ते ज्यांना वाचा नाही त्यांच्या नावाने.

त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्‌सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डी. एस्‌सी. साठी सादर. परीक्षकांनी तो परत पाठविला. ब्रिटिश धोरणावरील टीका त्यांना झोंबली असे चरित्रकार सांगतात. आंबेडकरांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत, आणि १९२३ च्या अखेरीस पदवी मिळाली. याच वर्षी तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. केन्स यांनी १९१३ मध्ये आपल्या ग्रंथात सुवर्ण विनिमय परिमाणाची तरफदारी केली होती. त्या पद्धतीत सरकारला रुपये किती पाडावेत याला आवर राहत नाही आणि भाववाढीचा भार गरिबांवर पडतो, असे आंबेडकरांचे म्हणणे. ग्रंथाला प्रस्तावना आहे ती त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांची. आणि कॅनन तीत शिष्याच्या पुष्कळ मतांशी आपण सहमत नाही असे नमूद करून त्याच्या ताजेपणाचे कौतुक करतात. गुरूने शिष्याच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहावी आणि तीत मतभेदही सांगावा, शिष्यानेही ती तशीच छापावी! आपल्याकडे अशी प्रस्तावना लिहिली गेली तर पुढला दिवाळी फराळ वेगवेगळ्या घरी होईल.

१५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग आयोगापुढे चलनप्रश्नावर त्यांची साक्ष झाली. प्रश्न विचारणारे सरकारी व व्यापारी जगातले मुरब्बी लोक होते. त्या साक्षीचा वृत्तांत उपलब्ध आहे. तो वाचताना कोलंबियाच्या परिसंवादाची आठवण होते. प्रश्नातील गृहीतक प्रथम वेगळे काढावयाचे, मान्य असेल तेवढे मान्य करावयाचे आणि उरलेल्यावर ठाम राहावयाचे, ही तीच रीत.

सव्वा वर्षाने महाडला त्यांचे श्रोते निराळे होते. मार्च १९२७ मधील त्या परिषदेला कोकणातून आणि घाटावरून आलेल्या लोकांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. येथे सेनार आणि रिस्ले उपयोगाचे नव्हते. येथे त्यांनी मराठीत, घरगुती दाखले देत, मेलेली जनावरे ओढू नका, उष्टे खाऊ नका, मुलांना शिकवा, असे सांगितले आणि २० मार्चला त्यांच्यासह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. श्रोता पाहून भाषा बदलावयाची हे खरे, पण युक्तिवाद मात्र सैल होऊ द्यावयाचा नाही, हे त्यांच्या मराठी भाषणांचे वैशिष्ट्य. ‘बहिष्कृत भारत’ मधील त्यांचे लेख ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलाविले, भाषणाची प्रत वाचली आणि परिषदच रद्द केली. आंबेडकरांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. वीस वर्षांपूर्वीच्या निबंधातील विचार त्यात पुढे नेला आहे आणि ड्यूईंचा आपले गुरू म्हणून कृतज्ञ उल्लेख आहे. ऐकावयास कोणी तयार नसेल तर भाषण अंगी असून काय करावयाचे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले हे उत्तर होते. आजही ते पुस्तक छापले जाते. परिषद भरविणारे मंडळ मात्र या एका नकारापुरतेच लोकांच्या स्मरणात राहिले आहे.

या सर्व शिक्षणाची कसोटी लागली ती १७ डिसेंबर १९४६ रोजी, घटना समितीत. उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. बॅ. जयकरांनी, मुस्लिम लीग व संस्थाने यांचे प्रतिनिधी आल्याशिवाय ठराव संमत करू नये, अशी उपसूचना मांडली होती व सभागृह तिच्यावर नाराज होते. राजेंद्रप्रसादांनी अचानक आंबेडकरांचे नाव पुकारले. यादीत आपल्या आधी वीस-बावीस वक्ते आहेत, तेव्हा आपली पाळी दुसऱ्या दिवशी येईल अशी त्यांची समजूत होती. टिपणे तयार नव्हती. समोर बहुसंख्य काँग्रेसचे सभासद, ज्यांच्याशी त्यांचे वर्षानुवर्षे हाडवैर. तरीही त्यांनी ठरावाचा वादग्रस्त भाग आणि निर्विवाद भाग तत्क्षणी वेगळा केला, हक्क सांगितले आहेत पण त्यांच्या रक्षणाचे उपाय सांगितलेले नाहीत हा दोष दाखविला, मग एकसंध भारतावरील आपला विश्वास व्यक्त केला आणि शेवटी शरणागती, वाटाघाट व युद्ध असे तीन मार्ग मांडून, बर्कचा आधार घेत, दुसऱ्याच मार्गाची शिफारस केली. जे सभागृह कुरबुरत होते त्याने टाळ्यांचा गजर केला. ठराव लांबणीवर पडला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. आयत्या वेळचे भाषण म्हणून याची ख्याती आहे. मला ते तसे वाटत नाही. त्याची तयारी ९ मे १९१६ पूर्वीच सुरू झाली होती.

ड्यूई वर्गात कसे बोलत, कसे थांबत, याची हुबेहूब नक्कल बाबासाहेब तीस वर्षांनंतरही घरी मोठ्या आनंदाने करीत, असे माईसाहेब आंबेडकरांनी सांगून ठेवले आहे. संतापी आणि करारी म्हणून ज्यांचे छायाचित्र आपल्या मनात आहे त्या गृहस्थांचे हे रूप फार लोभस वाटते. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देण्यासाठी बोलाविले. समारंभ ५ जूनला होता. न्यूयॉर्कला गेल्यावर ड्यूईंना भेटावयाचे असे त्यांनी मनाशी योजिले होते. ड्यूई तेव्हा ९२ वर्षांचे होते. विमान रोममध्ये असतानाच त्यांचे निधन झाले, असे बाबासाहेबांनी घरी लिहिलेल्या पत्रात कळविले आहे.